निव्वळ वजन

रावेरच्या रस्त्याला, सावद्याच्या अलीकडे
माझा वजनकाटा. साठ टनी.
दिवसभर केळीच्या गाड्या चढतात, उतरतात.
आधी रिकामी, मग भरलेली,
वजा जाता उरतो तो माल.
एवढंच गणित मला येतं,
तेवढ्यावर घर चालतं.

गुरुवारी मात्र रात्री नऊनंतर
केबिनमध्ये खुर्च्या कमी पडतात.
कोणी कॅरेट उलटं करून बसतं.
झोपे सर टॉवेल अंथरतात,
कारण वैशाखात आमच्याकडे
पत्र्याखालचं लाकूड रात्री दहालाही चटका देतं.

पाडव्याला भिंतीवर खडूनं आकडे लिहिले:
वर्षभरात कोण किती वाचणार.
सर म्हणाले, बावन्न. पेन्शनीला शोभेल असा आकडा.
यामिनी अत्तरदेनं चोवीस लिहिले, पुसून अठरा केले,
दिवाळीनंतर तिचं लग्न.
ईश्वर कोळी ट्रक नेतो दिल्लीला,
तो म्हणाला, आकडा नको,
मंडीच्या रांगेत जेवढी होतील तेवढी.
मी बारा. महिन्याला एक, पावती फाडल्यासारखं.

नजमा तडवी शेवटी उठली.
कटाईवरून थेट आलेली, ओढणीला चीक.
तिनं लिहिला एक,
आणि त्या एकाला खाली इतकी लांब शेपटी ओढली
की खडू मोडला.

मग भांडणं. ती भिंतीवर नाही लिहिली.
कादंबरीतली एक बाई
तीन मुलं निजवून घर सोडते, परत येत नाही.
सर म्हणाले, लेखकाला शेवट जमला नाही.
यामिनी म्हणाली, तुम्हाला पटला नाही म्हणा ना.
सर तीन गुरुवार फिरकले नाहीत.
चौथ्या गुरुवारी आले,
खिशात अकरा मुद्द्यांची चिठ्ठी
आणि डब्यात कळण्याची भाकरी, सगळ्यांना पुरेल इतकी.
त्या रात्री दोनदा लाइट गेली.
वाद नाही गेला.

तेच पुस्तक मग नजमाकडे सात आठवडे.
परत देताना म्हणाली,
"मले नही जमलं, भाऊ. अर्ध्यातच सोडलं.
माह्या एकाचा भोपळा करून टाका."
मी एक पुसला. भोपळा काढला.

सगळे गेल्यावर, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात
पुस्तक चाळलं.
केळीचा चीक काय असतो
ते कटाईवाल्यांना विचारा.
साबणानं जात नाही, रॉकेलनं जात नाही,
शालूवर पडला तर शालू शेतात नेसायचा होतो.
पान बारावर अंगठा. तेहतीसवर.
जिथे सोडलं म्हणाली, तिथेही अंगठा.
आणि पुढे.
बाई बोळ ओलांडते तिथे.
एसटीत खिडकी मिळते तिथे दोन बोटं.
शेवटच्या पानावर अख्खा तळवा, तपकिरी,
दार अडवताना ठेवावा तसा.
किंवा उघडताना.
मला फरक सांगता येत नाही.

बावीस वर्षं काट्यावर आहे.
दहा किलो इकडचे तिकडे झाले
तर शेतकरी आणि व्यापारी दोघं अंगावर येतात.
खोटी नोंद एकदाही केली नाही.
भोपळा तसाच राहू दिला.

पुढच्या गुरुवारी पुन्हा तोच शेवट निघाला.
सर चिठ्ठी उलगडत होते, यामिनी पदर खोचून बसलेली,
ईश्वर म्हणत होता, मी तर अजून बोळापर्यंतच आलोय, सांगू नका.
नजमा कॅरेटवर, नखातला चीक खरवडत.
मान वर न करता म्हणाली,
"एसटीतून उतरल्यावर, सकायी
त्या बाईनं चहा कोनाकडे पेला असीन?
ते काहून नही लिहेलं?"

कुणी बोललं नाही.
सर चिठ्ठीवर बाराव्या मुद्द्याला जागा शोधू लागले,
मागची बाजूही भरलेली होती.
बाहेर हॉर्न वाजला.
मी उठलो आणि खिडकीतून ओरडलो
नेहमीसारखा,
रिकामी का भरलेली?