प्रयोग क्रमांक चार

ऐरोलीच्या शाळेत, दुसऱ्या मजल्यावर
सव्वीस वर्षं मी हीच मांडणी मांडतो:
सेल, कळ, अमीटर, निक्रोमची तार.
अमीटर रांगेत, सगळी धारा त्याच्या पोटातून.
व्होल्टमीटर बाहेरून,
तारेच्या दोन टोकांना नुसते दोन हात लावून.

एक सेल: पॉइंट तीन. दोन सेल: पॉइंट सहा.
तीन लावले की नऊ.
पोरं फूटपट्टी ठेवतात,
रेघ शून्यातून निघते ती सरळ वर.
मी दहावी नापास,
पण ही रेघ डोळे मिटून काढीन.

काल अफसाना शेखनं तारेऐवजी
टॉर्चचा बल्ब जोडला.
एकाला वीस, दोनाला एकोणतीस.
‘चाळीस हवे होते ना काका?’
आणि खोडरबर उचललं.

राहू दे, म्हटलं.
नियमाच्या शेपटीला पुस्तकात लिहिलंय बघ,
तापमान कायम असताना.
बल्बमधली तार तापते. तापली की जास्त अडवते.
रेघ चुकली नाही तुझी, वाकली.

मग कळ काढून दाखवली.
अमीटर शून्यावर.
सेलच्या टोकांना व्होल्टमीटर लावला
तर काटा होता तिथेच,
उलट केसभर वर.

गोठिवलीत माझं दार आणि पद्माकरचं दार
समोरासमोर, मध्ये पाच फूट.
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरून
कळ आधी कोणी काढली
यावर अकरा वर्षं एकमत नाही.
जाणंयेणं शून्य.
दाब पुरा.
घणसोलीहून जनाबाई येते, आमची थोरली,
माझ्याकडे चहा, त्याच्याकडे पान,
दोन्ही दारांना हात लावून बसते
आणि इकडचा शब्द तिकडे
जवळजवळ जाऊच देत नाही.

‘धारा नाही, मग दाब असतो कुठे?’ अफसाना विचारते.
दोन टोकांच्या मधे, म्हटलं.
एकट्या टोकाला दाब नसतो, बाळा.

बेल झाली. सेल डब्यात गेले.
कळीची पितळी गुल्ली मी खिडकीतल्या वाटीत ठेवतो.
काल ती खिशातच राहिली.
रबाळ्यापासून चालताना बोटांना लागत होती,
गल्लीत शिरलो तेव्हा
चांगली कोमट झाली होती.