दोऱ्याएवढी मुलगी

पर्मिलिया, तुझं पत्र पोचलं, सहा आठवडे उशिरा.
भिंतीच्या कागदावर लिहिलंस; पाठीमागची निळी फुलं
शाईतून वर आली आहेत,
त्यामुळे डुकराची ओळ मला लागली नाही.
विकलं, की मेलं?
दोरा मात्र शाबूत आहे.

पहिली गाठ म्हणजे टाच, तू लिहितेस,
दुसरी गाठ म्हणजे डोक्यावरचा भोवरा.
नीट उभी राहत नव्हती, हसत होती,
एखादं बोट इकडेतिकडे धर.

मी बंदुकीचा दस्ता चिखलात टेकवला
आणि दोरा नळीला लावून पाहिला.
मागच्या हिवाळ्यात ऑर्फा खालच्या कड्याला लागत होती.
आता मधल्या कड्याच्या वर, दोन बोटं.
रागावू नकोस.
इथे दुसरं माप नाही माझ्याकडे.

पीटर्सबर्गच्या या खंदकात दिवसाला मूठभर भाजका मका
आणि रताळ्याच्या सालीची कॉफी, काळी आहे म्हणून कॉफी.
रात्री तोफगोळे पेटत्या वातीनिशी वर चढतात,
वर जाऊन जरासे रेंगाळतात,
पत्ता विसरलेल्या माणसासारखे.
पाद्री म्हणाला, ज्याच्या त्याच्या नावाचा गोळा ठरलेला असतो.
लॅझेनबी म्हणाला, मग मी सुटलो,
माझं नाव माझ्या आईलाही धड लिहिता येत नाही.
खूप हसलो आम्ही.
मंगळवारी गेला तो.

मी प्रार्थना करतो, काळजी नको.
बूट चढवताना दोन शब्द, ही बापाची सवय माझ्यात उतरली.
पण ऑगस्टपासून बूटच नाहीत,
तेव्हा प्रार्थनेला ठरलेली वेळ उरली नाही;
ती भलत्याच वेळी येते,
उवा मारताना,
किंवा पहाटे, समोरच्या निळ्या डगल्यांपैकी कुणी खोकतो तेव्हा.
तो खोकला थेट तुझ्या भावासारखा आहे.

आता एक सांगायचं आहे, ते तुझ्या वडिलांना वाचून दाखवू नकोस.

खंदक खणायला आणलेल्या काळ्या माणसांत
सायफॅक्स नावाचा एकजण आहे.
मालकाने त्याला भाड्याने दिलाय, फावड्यासकट.
मी दोरा मोजत होतो, तो बघत राहिला.
मग म्हणाला, पोरगी?
मी हो म्हटलं.
त्याने फावडं मातीत रोवलं,
तळवा जमिनीशी समांतर धरला, मांडीच्या जरा खाली,
म्हणाला, एवढी होती,
अलाबामाला विकली तेव्हा.
मग हात थोडा वर नेला, थांबला,
आणखी थोडा वर,
आणि तिथे त्याला कळेना, कुठे थांबायचं.

त्याच्या हाताखाली कुणीच नव्हतं, पर्मिलिया.
तरी त्याने हात सावकाश काढला,
खाली खरोखरच डोकं असावं तसा.

आपल्याकडे गुलाम नाहीत,
हे मी चार वर्षं स्वतःला सांगत आलो,
कुणी न विचारताही.
पण आपल्या धुराड्याचे दगड रचायला
तुझ्या वडिलांनी एक माणूस आणला होता, भाड्याने.
अकरा दिवस होता तो. शेवटच्या दिवशी पाऊस आला
आणि तू त्याला ओसरीवर जेवायला दिलंस.
त्याच धुराड्याची ऊब आठवून मी इथे झोपतो.
त्याचं नाव मला आठवत नाही.
काल रात्रभर आठवून पाहिलं.

त्या रात्री मी प्रभूकडे ऑर्फाला मागितलं,
नेहमीसारखं, आधी तिचं नाव, मग तुझं,
मग हाडं घरी येऊ देत, सगळी नाही तरी चालतील.
पण मागतानाच जीभ अडली.
माझ्या आधी रांगेत कुणीतरी उभं होतं,
हात हवेत धरून,
आणि मी त्याच्या पुढे घुसलो होतो.

विश्वास गेला असं समजू नकोस.
तो आहे, पण पूर्वीसारखा आपल्या बाजूचा राहिला नाही.

पुढच्या पत्रात तीन गोष्टी कळव.
डुकराचं काय झालं.
नवीन दोरा, आणि या वेळी तिला हसवू नकोस;
नाही, हसू दे.
आणि तुला आठवत असेल तर
त्या धुराड्यावाल्याचं नाव.