ऐनवेळचा विषय

सभा अकराची, सुरू झाली पाऊण वाजता.
कूलरमधलं पाणी संपलेलं, नुसता वाळ्याचा कोरडा वास
आणि पंख्याची घरघर,
त्यामुळे जो तो जरा ओरडूनच बोलत होता.
मी झोन कार्यालयात इतिवृत्त लिहितो. एकोणीस वर्षं.
ओरडणं इतिवृत्तात येत नाही.

नाली, नाली, कचरागाडी, टँकर, पुन्हा नाली.
मग पारडीपलीकडच्या पोहरकर लेआउटची माणसं उठली,
तोंडावरचे दुपट्टे सोडत.
विषयपत्रिकेत त्यांचं काही नव्हतं.
ऐनवेळचा म्हणून घ्या, सभापती म्हणाले,
पाच मिनिटं.

मधुकर हेडाऊ, मिल बंद पडली तेव्हापासून घरी,
चौकीचं माप सांगू लागले: दहा बाय बारा, टिनाची,
जागा महानगरपालिकेची, वीजबिल महानगरपालिकेचं,
कुलूप तेवढं पोलिसांचं.
"आतला बल्ब दिवसाही जळते, साहेब.
फटीतून दिसते.
हवालदाराच्या खुर्चीवर कबुतरानं अंडी घातली."
कोणीतरी हसलं. हेडाऊ हसले नाहीत.

शेवंताबाई गिऱ्हेपुंजेंनी पदर सरकवून मान दाखवली.
पोत ओढली त्याची खूण,
बारीक, उसवलेल्या शिवणीसारखी.
"फोन केला तं म्हणे, हद्द आमची नाही.
रस्त्याच्या इकडून पडली असती तं आमची होती.
मले काय माहीत बावा,
पडताना हद्द पाहून पडा लागते!"

मी लिहिलं: गस्त वाढविणेबाबत.

तेव्हा मागच्या रांगेतून मालती रामटेके,
हातात पोराची निळी फाईल, सगळी प्रमाणपत्रं, प्लास्टिकमध्ये.
"माझा पोरगा भरतीची तयारी करते. पोलीस भरतीची.
सोळाशे मीटर. पहाटे चारला रिंग रोडवर होता.
गाडी थांबली. काऊन पळतो बे?
दुपारी सोडला.
आता गच्चीवर पळते. अठ्ठावीस पावलं, वळते,
अठ्ठावीस पावलं, वळते.
खालच्या माळ्यावरच्या नुसरत आपा म्हणतात, पळू दे त्याले,
मले तशीही झोप कुठे येते."

हेडाऊ तिच्याकडे वळले, आम्ही पोलीस मागून राहिलो
अन् तू हे काय काढलं?
पंख्याची घरघर.
शेवंताबाई खाली बसता बसता पुन्हा उभ्या राहिल्या.
"दोन गोष्टी नाहीत त्या, भाऊ.
बोलावलं तं यावं.
नाही बोलावलं तं पोट्ट्याले पळू द्यावं."

सभापतींनी घाम पुसला. ते वाईट माणूस नाहीत.
पोलीस म्हणजे गृहखातं, म्हणाले,
आपल्या अखत्यारीत दिवे आहेत. दिव्याचं बोला.
पोल नंबर?
तिघं एकदम म्हणाले, एकशे सत्तेचाळीस.

दिवा चौथ्या दिवशी लागला.
त्याच्या उजेडात चौकीचं कुलूप आता लांबून दिसतं.

इतिवृत्तात मी लिहिलं,
पोल क्र. १४७ वरील दिवा दुरुस्त करणे.
पोलीसविषयक बाब संबंधित विभागास कळविणे.
चर्चा झाली. नोंद घेण्यात आली.
मग शिपाई चहाला गेला असताना
शेवंताबाईंचं वाक्य खाली टाइप केलं.
शुद्धलेखन सुधारायला हात गेला होता.
"पोट्ट्याले" तसंच राहू दिलं.

पुढच्या महिन्याच्या सभेत, पहिला विषय,
मागील सभेचे इतिवृत्त
वाचले असे समजून कायम करणे.
सगळे हात वर. एक हात मोबाईलसकट.
म्हणजे आता ते कायम आहे,
पान नऊ, सहीशिक्क्यासह,
की नाही बोलावलं तं त्याले पळू द्यावं.

मी पान उलटलं.
विषय क्रमांक दोन: नाली.