ढिला पट्टा

जालन्यात लोखंड येतं जगभरातून, वितळायला.
फुटलेल्या बोटी येतात, रूळ येतात, चेपलेल्या मोटारी येतात
ज्यांच्या पाट्यांवरची गावं आम्हाला वाचता येत नाहीत.
अशाच एका मोटारीच्या पोटातून
अश्वघोषनं कॅसेट काढली. अख्खी.
वरचं नाव उन्हानं खाल्लेलं.
साळव्यांचा पोरगा, चौदा वर्षांचा, बाप भट्टीवर.

"दस्तगीरचाचा, लावून बघा की."
मी रेडिओवाला. सदर बाजारात, पानपट्टीला खेटून,
सव्वा टेबलाचं दुकान.
लावली.

आधी खरखर. मग एक जाड आवाज,
जमिनीखालनं चालत आल्यासारखा,
आणि मधल्या मोकळ्या जागेत,
जिथं कुणीच वाजवत नाही तिथं,
गिटारीचा एकच चिमटा.
पोरगं म्हणालं, "ह्यो माणूस उशिरा येतोय,
पण चुकत नाही."

नळाला पाणी पंधरा दिवसांनी.
हा रोज.

बाप हलगी शेकायचा
भट्टीतून नुकत्या निघालेल्या लोखंडाच्या धगीवर.
त्याच हलगीवर पोरानं तो उशिराचा चिमटा बसवला
अन् चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत वाजवला.
पहिल्या वर्षी लोक ओरडले, "हान की नीट, झोपला का?"
दुसऱ्या वर्षी बायका थांबल्या.
तिसऱ्या वर्षी कन्हैयानगरचा अख्खा चौक
गुडघ्यांत हलत होता,
कमरेवर भरली घागर असल्यासारखा.

मग नांदेड, पुणे, गोव्याचा कुठलासा किनारा,
मग ते बेटच.
किंग्स्टनमध्ये, म्हणे, एका म्हाताऱ्या वादकानं विचारलं,
चाल आमचीच, पण इतकी संथ? कुणाकडं शिकलास?
हा म्हणाला, आमच्याकडं ऊनच तसं आहे.
ते पेपरात आलं. मी कात्रण काचेखाली ठेवलं
आणि कुणाला बोललो नाही
की उन्हाचा काही संबंध नव्हता.

माझ्या मशीनचा पट्टा ढिला होता.
ते गाणं मुळात चालतं जरा झपाझप,
माझ्याकडं ते पाय ओढायचं.
नवा पट्टा बारा रुपये. आज बदलू, उद्या बदलू,
अन् पोरगं डोळे मिटून बसलेलं असायचं.
राहूनच गेलं.

यंदा आला. डोक्यावर जटा, मागं दोघं कॅमेरा घेऊन.
"चाचा, तीच मशीन."
तो येणार म्हणून मी पुसून ठेवलेली,
हेड स्पिरिटनं धुतलेलं,
पट्टा नवा कोरा, खास मागवलेला.
लावली. गाणं सुटलं एकदम चोख,
वेळेवर कचेरीत येणाऱ्या साहेबासारखं.
त्यानं एक कडवं ऐकलं.
मग बटण दाबलं.
मी म्हटलं, "बेटा, ते असंच आहे. पहिल्यापासनं असंच होतं."

कॅमेरेवाल्यांना त्यानं चहाला पिटाळलं.
बाह्या सारल्या, टेबलाखाली घुसला, खण उपसले.
स्क्रू, मेलेले ट्रान्झिस्टर, मागच्या शतकातली वीजबिलं.
जुना पट्टा मी चष्म्याला बांधला होता, मागनं,
घसरू नये म्हणून.
त्याच्या लक्षात आलं. माझ्या कानामागनं
त्यानं तो हळूच सोडवला.

चष्म्याशिवाय मला काय दिसतंय.
चाक फिरायला लागलं एवढं कळलं,
जाड आवाज आला, जमिनीखालनं,
आणि तो चिमटा
अजून यायचा होता.