पायवाट, अंधुक

दूरच्या कुठल्याशा थंड देशातून कुणीतरी
आमच्या सड्यावरच्या नऊ बंकरांना
समुद्रकिनारा ठरवून टाकलं होतं.
वाळू दिसली, पिवळी दिसली, की झाला किनारा.
गोव्यात खपतं म्हणा असं.
सहामाहीचे पेपर बाजूला सारून
रात्री साडेअकराला मी एकेक किनारा पुसला.
काणकोणात नऊ किनारे कमी झाले,
भरतीलाही कळलं नाही.

मग ग्रीन.
पोळी लाटायला शिकणाऱ्या पोरीच्या हातून सुटावा
तसला त्याचा आकार.
आधीच्यानं चौदा बिंदूंत उरकला होता, मी एकेचाळीस घेतले.
वरून टिपलेलं चित्र सहा मीटर पूर्वेला सरकलेलं;
ते आमच्या शाळेच्या पत्र्याच्या कोपऱ्याशी जुळवलं,
तो कोपरा मी स्वतः मोजलाय, भर उन्हात, छत्री काखेत धरून.

होल नकाशात एक रेघ असते,
टीपासून झेंड्यापर्यंत,
चेंडू गेला तर जाईल अशी.
चार रेघा झाल्या. पाचवीवर अडले.
फेअरवेच्या मधोमध, एप्रिलच्या चित्रात,
फिकट तपकिरी ओरखडा.
गाडीवाट म्हणावी तर अरुंद,
पाइप म्हणावा तर इतका वळणारा कोण पुरतो?

रविवारी गेले. फाटकावरचा मुलगा म्हणाला, खेळायला?
म्हटलं, मोजायला.
त्यानं वहीत लिहिलं: पाहुणी.

डिसेंबर. सगळं हिरवंगार, ओलं.
बुदो वेळीप गवत कापत होता.
"चार मिलिमीटर," म्हणाला, "साहेबाच्या दाढीपेक्षा कमी."
ओरखडा दाखवला. त्यानं फोन लांब धरला,
मग जवळ, मग परत दिला.
"ही आमची झरीची वाट.
वर वीतभर माती आणून ओतली, हिरवळ अंथरली.
पण खालचा दगड तुडवून तुडवून गुळगुळीत.
मूळ धरत नाही.
उन्हाळ्यात टँकर दोन दिवस चुकला, की येते वर."
"मग?"
"मग हिरवा रंग मारायला सांगतात."
तो हसला नाही. मग मलाही हसता येईना.

नकाशा काढणाऱ्यांचा नियम एकच:
जमिनीवर आहे ते काढा.
होतं ते नको. असायला हवं ते तर नकोच.
सातवीच्या फळ्यावर मीच लिहिते हे, अधोरेखित करून.
पण आहे म्हणजे
वर्षातले किती दिवस असलेलं?

"चला, दाखवतो."
बुदो पुढे, मी मागे, फोन मोजत राहिला.
सपाट हिरवळीवर त्याचे पाय
आपणहून वळत होते.
एका जागी तो मान खाली घालून जरा वाकून गेला.
वर आभाळ होतं नुसतं.
"काजूची फांदी," म्हणाला, आणि स्वतःच ओशाळला.
झरीवर आता पंपघर आहे. कुलूप. आत पाण्याचा आवाज.

रात्री काढली. एकशे बेचाळीस मीटर.
प्रकार: पायवाट. दृश्यता: अंधुक. हंगामी: होय.
काजू काढला नाही. तो नाहीच.
रेघ मात्र तिथे किंचित बाजूला सरकलीय,
मी नाही सरकवली,
मोजणीच तशी आली.

तिसऱ्या दिवशी कुणीतरी ती पुसली.
शेरा: फेअरवेवर पायवाट नसते.
सभ्य माणूस असावा. बंकर त्यानं तसेच ठेवले,
एकेचाळीस बिंदूंचं कौतुकही केलं.

भांडले नाही.
टँकर चुकला की बुदो मला मिस्ड कॉल देणार आहे.
तोवर पेपर तपासते,
वाट पाहते.