काचा धुणारीची साक्ष

टांगा शहरामागे, रेल्वेचे रूळ जिथे गवतात बुडतात,
तिथे घायपाताची एक अख्खी रांग आडवी झाली.
वारा नव्हता.
पाती हिरवीच, टोकाचा काटा शाबूत,
आणि खाली गड्डा
फार पिकलेल्या फणसासारखा,
शिळ्या ताडीचा आंबूस वास.

शेम्वेताबाईंनी तो उभा चिरला.
आत तपकिरी, कडेला गुलाबी.
जितं आणि मेलेलं जिथे भेटतं
तिथला नखाएवढा तुकडा घ्यायचा, त्या म्हणाल्या.
पुरत्या मेल्यात सगळेच येऊन राहतात,
तिथे खुनी शोधू नये.

मी काचेच्या बशा धुते. सव्वीस वर्षं.
उकळते, पुसते, कागदात गुंडाळते.
बटाट्याचं पाणी, साखर, समुद्रशेवाळाची खळ,
एवढ्या जेवणावर बाई बुरशीला बोलावतात
आणि झाकण लावून वाट बघतात.

पहिल्या दिवशी काही नाही.
दुसऱ्या दिवशी पांढरी लव.
तिसऱ्या दिवशी काळी भुकटी,
काजळाची डबी उपडी झाल्यासारखी.
"छे, ही तर कांद्यावरची. हवेतून पडली असणार."
आणि बशी माझ्याकडे धुवायला.

नवा गड्डा. सुरी ज्योतीत धरली, तुकडा औषधात बुडवला.
पुन्हा काळं.
पुन्हा माझ्याकडे.
बाई शोधत होत्या कुणी तालेवार,
चंद्रकोरीच्या बीजाणूंचा,
ज्याच्यासाठी परदेशी पत्र धाडता येईल.
आणि येत होती ही,
माझ्या स्वयंपाकघरातली, टोपलीतली.

अकरावी बशी मी धुतली नाही.
आधीच्या दोन्हीही ठेवल्या होत्या, त्या शेजारी मांडल्या.
म्हटलं, बाई, वाट चुकलेला पाहुणा
अकरा वेळा एकाच घरी येत नाही.

त्या हसल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या.
नंतर मलाही सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं:
एक काडी, टोकाला गोल डोकं,
रोपांना पाणी घालायच्या झारीचं तोंड असतं ना, तसं.
फक्त पाण्याऐवजी
काळोखाचे दाणे.

मग बारा कुंड्या.
चार रोपांना जखम केली आणि जखमेत भुकटी.
चार रोपांना नुसती जखम.
चार रोपांना नुसती भुकटी, वरून, अंगभर.
सात आठवड्यांनी पहिली चार बसली.
बाकीची आठ अजून उभी आहेत पाण्याच्या टाकीमागे,
त्यांना कुणी कापत नाही.
पडलेल्यांतून पुन्हा तुकडा, पुन्हा बशी,
आणि तिसऱ्या दिवशी तीच,
ओळख दाखवायला आल्यासारखी.

कापणीवाला लिकोंडे दारात उभा होता,
बोटांना वाखाचे धागे चिकटलेले.
नाव काय तिचं?
बाईंनी लॅटिनमधलं सांगितलं.
आपल्या बोलीत?
उकुंगू, मी म्हटलं.
धुकं तेही उकुंगू, बुरशी तीही उकुंगू,
आमच्याकडे दोघींना एकच शब्द.
"म्हणजे धुक्यानं मारलं," म्हणून तो हसला.
मग हसू थांबलं.
"पण आत शिरली कुठून?"

बाई वही चाळत राहिल्या, पानं संपली तरी.
घायाशिवाय तिला घर नाही, हे वहीत होतं.
रोज तीस पातींची एक पेंढी, अशा किती पेंढ्या,
हे कुठल्याच वहीत नव्हतं.
लिकोंडेने सुरी आधी पाठीमागे धरली,
मग स्वतःच पुढे आणून टेबलावर ठेवली.
"हिलाही ज्योतीत धरता येईल का?" त्याने विचारलं.
बाई म्हणाल्या, येईल. पण ओल्या दिवसांत कापूच नका, ते आधी.
तो म्हणाला, ते मुकादमाला सांगा.

त्या रात्री कांदा सोलताना अंगठा काळा झाला.
नेहमीसारखा कांग्याला पुसणार होते,
हात मध्येच थांबला.
दिव्याजवळ नेऊन बघितला बराच वेळ.
एवढ्याशा धुळीत किती मळे मावतात
ते मला मोजता येत नाही.

साबण लावून हात धुतला, दोनदा.
कांदा मात्र
वरचं एक साल आणखी काढून
कढईत टाकला.