शिताएवढा फरक

शारजा, औद्योगिक क्षेत्र सहा.
शुक्रवारची नमाज नुकती सुटलेली, शटरं अर्धी वर.
टायरवाला आणि रेडिएटरवाला यांच्या मधल्या बोळात
ताडपत्रीखाली ते लेथ उभं होतं,
पायांखाली विटा,
अंगावर कुणा दुसऱ्याचा भुसा.

तोफज्जलनं ताडपत्री ओढली.
"इंग्लिश स्कूल का माल. बच्चा लोग चलाता था."
शाळेतलं. म्हणजे मार खाल्लेलं.

मी पगारपत्रकं करणारा माणूस.
चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या ओव्हरटाइमची बेरीज करतोय.
हातानं केलेली शेवटची वस्तू
सातवीतला कागदी कंदील. तोही कलता.

काय काय बघायचं ते वहीत लिहून आणलं होतं.
वही चारचौघांत काढायची लाज वाटली,
म्हणून मशिदीमागच्या मोरीत जाऊन
एकदा पुन्हा वाचून आलो.

मग जाणत्यासारखा वाकलो.
बेडवरून नख ओढलं : गंज वरवरचा.
स्पिंडल धरून हिसडलं : डुगडुगलं नाही.
पट्टा तडकलेला.
हत्यार टेकवायच्या पट्टीवर खाचाच खाचा,
एकेक खाच म्हणजे एकेका पोराचं दचकणं.

बटण दाबलं. आधी खोकलं,
मग एकच सूर धरून बसलं.
तो मला कानांआधी पोटऱ्यांत कळला.

"चौदाशे."
वहीत "नऊशेपासून सुरुवात" असं लिहिलं होतं.
तोंडातून "तेराशे" निघालं.

तेव्हा त्यानंच, कुणी न विचारता,
मागचं टोक सरकवत पुढच्या टोकापाशी आणलं.
दोन अण्या, समोरासमोर.
भेटायला हव्या होत्या.
मध्ये भाताच्या शिताएवढा फरक राहिला.

"देखो. बाद में गाली मत देना."
आणि कागदी कपातल्या चहात बघत बसला.

माझ्या वहीत हे नव्हतंच.
त्या शितापायी तेराशेचे बाराशे झाले.
वर आणखी पन्नास मी कापले.
का कापले,
मला अजून नीट सांगता येत नाही.

अजमानला पेडणेकरांच्या गॅरेजात जागा मिळाली,
त्यांच्या बंद पडलेल्या होडीच्या इंजिनाशेजारी.
कुंदा आली, सगळीकडून बघून म्हणाली,
"लाटणं कर. आपलं चिरलंय."

पालिकेनं छाटून टाकलेला कडुनिंब,
मनगटाहून जाड एक फांदी, दोन अण्यांत धरली.
कातीव नाक, कातीव चेहरा,
किती सहज बोलत आलो आपण.
त्या शब्दाला भुसा असतो, तो नाकात जातो,
आणि ओठ चाटले तर कडू लागतो,
हे बावन्नाव्या वर्षी कळलं.

हत्यार रुतलं. लाकूड सुटलं.
पत्र्यावर असं आदळलं की
पेडणेकरांची मांजर दोन दिवस दिसली नाही.

खड्डा पडला की तो घालवायला सगळीकडून थोडं उतरवायचं,
उतरवताना नवा खड्डा.
लाटण्याचं भातुकलीतलं लाटणं झालं,
त्याचा रवीचा दांडा,
आणि मगरिबची बांग झाली तेव्हा
माझ्या तळहातावर एक सोंगटी होती.
मान किंचित तिरकी,
काही विचारायचं राहून गेल्यासारखी.

पोळ्या अजून चिरलेल्या लाटण्यानंच.

पुढच्या शुक्रवारी पट्टा आणायला गेलो,
पन्नास दिरहम वेगळे, वरच्या खिशात.
"क्या बनाया?"
मी सोंगटी काढून दिली.
त्यानं एक डोळा मिटून ती उजेडाकडे धरली,
त्या दोन अण्या धरल्या होत्या तशीच.
"थोड़ा टेढ़ा है."
"हां," म्हटलं, "उतना ही."

हसला. पट्ट्याचे पैसे घेईना.
सोंगटी रजिस्टरवर ठेवली, पंख्यानं पानं उडू नयेत म्हणून,
आणि परत द्यायची विसरला.
मीही मागितली नाही.
पन्नासची नोट मात्र तशीच घेऊन परतलो,
वरच्या खिशात, घडी न मोडता.